भाड्याचीं घरें आणि तपासणाराची तपासणी

दर वर्षीं वैशाख सरत आला म्हणजे मुंबईंतील वर्तमानपत्रांतून एक यादी प्रसिद्ध होते. शहर भागांतील अतिधोकादायक इमारतींची ती यादी होय. वाचक ती उघडतो, आपली गल्ली तींत नाहीं ना एवढें पाहतो, आणि नसल्यास सुटकेचा निःश्वास टाकून पान उलटतो. ज्यांच्या इमारतींचीं नांवें तींत असतात ते भाडेकरू चार दिवस घाबरतात, आठ दिवस बैठका भरवितात, आणि पाऊस सुरू झाला कीं पूर्वीच्याच छताखालीं पूर्वीप्रमाणेंच निजतात. या यादीविषयीं चर्चा पुष्कळ होते. परंतु ती यादींतील घरांविषयीं होते, यादी करणारांविषयीं होत नाहीं. ही तपासणी कोणीं केली, कशानें केली, जें घर यादींत नाहीं तें सुरक्षित आहे हें कोणीं ठरविलें, आणि ठरविणारानें तें आंत शिरून पाहिलें किंवा कसें, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही नेमके तेच विचारणार आहों.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं, हा प्रश्न एखादा मालक आणि त्याचा भाडेकरू या दोघांपुरता नाहीं. मुंबईंत कमी भाड्याचें घर हें आरंभापासून सार्वजनिक धोरणाचेंच फळ आहे. १८९६ सालीं या शहरांत प्लेग आला. कोंदट व अंधाऱ्या वस्त्यांचें भय तेव्हां राज्यकर्त्यांस कळलें, आणि १८९८ च्या कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या ट्रस्टनें जुन्या वस्त्या पाडून रस्ते काढले आणि चाळी बांधल्या. १९३३ सालीं ट्रस्टचा कारभार म्युनिसिपालिटींत विलीन झाला, तेव्हां त्या चाळींचें मालकपणहि तिच्याकडे आलें. तत्पूर्वीं १९२० सालीं सरकारनें डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलें होतें. त्याच्याच आद्याक्षरांवरून ज्यांस बी. डी. डी. चाळी म्हणतात त्या वरळीस १२१, नायगांवास ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीस १२ अशा एकूण २०७ उभ्या राहिल्या. एका कुटुंबास सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली, आणि शौचकूप माळ्यावर सर्वांत मिळून, अशी ती व्यवस्था होती. ही सर्व घरें सार्वजनिक पैशानें बांधलेलीं व सवलतीच्या भाड्यानें दिलेलीं होतीं.

खासगी मालकांच्या चाळींचें पुढें काय झालें तेंहि पाहिलें पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जागेचें जें भाडें होतें तेंच प्रमाण भाडें म्हणून धरलें. युद्ध नुकतेंच संपलें होतें, निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि घरांची टंचाई पराकाष्ठेस पोंचली होती. त्या वेळीं असा निर्बंध आवश्यक होता, हें आम्हांस मान्य आहे. परंतु निर्बंध राहिला आणि काळ पुढें गेला. चुना, सागवान, लोखंड व गवंड्याची मजुरी यांचे दर वाढत राहिले आणि भाडें मात्र जेथल्या तेथें थिजलें. मालकानें घरावरचें लक्ष काढून घेतलें. भाडेकरूनें घर आपलें नाहीं म्हणून त्यावर खर्च केला नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हें गोठलेलें प्रमाण भाडें आतां अवाजवी झाल्याचें सांगितलें. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा २००० सालापासून अंमलांत आला व त्यानें वर्षाला शेंकडा ४ वाढीची मुभा दिली. परंतु मुळांतील रक्कमच इतकी अल्प कीं, त्या वाढीनें एका जिन्याचीहि दुरुस्ती होऊं नये.

या कोंडींतून मार्ग म्हणून १९६९ सालीं विधिमंडळानें इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. शहर भागांतील जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसला; तो महानगरपालिकेनें मालमत्ता कराबरोबर वसूल करावा, आणि मंडळानें त्यांतून व सरकारी मदतींतून दुरुस्ती करावी, अशी योजना ठरली. १९७६ च्या कायद्यानें हें काम म्हाडाच्या छत्राखालीं आलें. अशा उपकरप्राप्त इमारती मूळ १९,६४२ होत्या. त्यांपैकीं १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वींच्या, १,४८९ त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या, आणि १,६५१ या १९५१ पासून सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या. म्हणजे मालक अल्प भाडें सोसून, भाडेकरू उपकर देऊन, आणि सर्वसाधारण करदाता सरकारी तिजोरींतून, असे तिघेहि या घरांचा भार वाहतात. ज्या घरावर तिघांचा पैसा लागतो त्या घराची प्रकृति कशी आहे हें जाणण्याचा हक्क तिघांसहि आहे, आणि रस्त्यानें जाणाऱ्या चौथ्यासहि आहे. कारण भिंत पडतांना ती कोणाची ओळख विचारीत नाहीं.

आतां तपासणीचा प्रकार पाहूं. कायदे उणे आहेत असें नाहीं. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचें ३५४ वें कलम धोकादायक इमारत रिकामी करण्याची वा पाडण्याची नोटीस देण्याचा अधिकार आयुक्तांस देतें. ३५३-ब हें कलम तीस वर्षें उलटलेल्या इमारतीची संरचना-तज्ज्ञाकडून तपासणी करून दाखला सादर करण्याचें बंधन घालतें. इमारतींची वर्गवारीहि आहे: तात्काळ रिकामी करून पाडावयाची ती सी-१, मोठ्या दुरुस्तीची ती सी-२ व तिचे दोन पोटभेद, किरकोळ दुरुस्तीची ती सी-३. दोन तज्ज्ञांचे अहवाल परस्परविरोधी आले तर तांत्रिक सल्लागार समितीकडे जावयाचें. शिवाय दुरुस्ती मंडळ दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं उपकरप्राप्त इमारतींची पाहणी करतें तें निराळेंच.

परंतु पाहणी आणि तपासणी यांत अंतर आहे. जुन्या चाळीचा प्राण तिच्या सागवानी तुळयांत असतो, आणि तुळई कुजते ती भिंतींत शिरते त्या टोकास. खोलींतून पाहणारास रंगविलेला मधला भाग तेवढा दिसतो. मोरीचें पाणी वर्षानुवर्षें मुरून खालच्या माळ्याची भिंत पोखरतें. बाहेरून तेथें केवळ ओलाव्याचा डाग दिसतो. काँक्रीटच्या इमारतींत लोखंडी सळई गंजली म्हणजे ती फुगते व आवरण फोडते. लोक त्या भेगेवर सिमेंट थापून मोकळे होतात. भिंतींतील पिंपळ वरून छाटतात आणि मूळ आंत वाढत राहतें. हें सारें जाणावयाचें तर तुळईचें टोक उघडें करावें लागतें, हातोडीच्या आघातानें व ध्वनिलहरींनीं काँक्रीटचें बल मोजावें लागतें, आणि प्रत्येक माळ्यावरील प्रत्येक मोरींत डोकावावें लागतें. अंगणांत उभें राहून वर पाहिल्यानें यांतील एकहि गोष्ट कळत नाहीं.

तथापि पाहणीच्या उथळपणाहूनहि मोठा दोष व्यवस्थेच्या रचनेंत आहे. जी संस्था इमारत तपासते तिच्यावरच दुरुस्तीचा आणि रहिवाशांच्या पर्यायी सोयीचा भार पडतो. अधिकाऱ्यानें शंभर इमारती अतिधोकादायक ठरविल्या तर शंभर इमारतींच्या लोकांस कोठें ठेवावयाचें हा प्रश्न त्याच्याच वरिष्ठांपुढें उभा राहतो. संक्रमण शिबिरांत जागा नाहीं, दुरुस्तीच्या खर्चास कायद्यानें मर्यादा घातलेली, आणि तिजोरी तर सदैव आंखडलेली. अशा स्थितींत यादी लहान ठेवण्याचा मोह कोणा एका अधिकाऱ्याच्या अप्रामाणिकपणामुळें होतो असें नाहीं. तो रचनेमुळेंच होतो. आमच्या व्यापारी वाचकांस हें अधिक फोडून सांगावयास नको. ज्या मुनिमानें खतावणी लिहिली त्यानेंच ती तपासावी, असा रिवाज एकाहि पेढीवर नाहीं. मुनीम प्रामाणिक असला तरी नाहीं. मग जेथें रुपयांचा नव्हे तर माणसांच्या जिवाचा हिशेब आहे, तेथें हा रिवाज आपण कां चालूं द्यावा?

याचें फळ काय होतें तें २७ सप्टेंबर २०१३ रोजीं माझगांवांत, डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ दिसलें. परदेशी कापडाच्या मोटारीपुढें १९३० सालीं प्राण देणाऱ्या बाबू गेनूच्या नांवानें ओळखली जाणारी मंडईची इमारत त्या दिवशीं सकाळीं कोसळली आणि ६१ माणसें मेलीं. ही इमारत पडक्या वाड्यासारखी शंभर वर्षांची नव्हती. ती तीस-पस्तीस वर्षांचीच होती. तिचा मालक कोणी दरिद्री घरवाला नव्हता. मालक स्वतः महानगरपालिका होती. वरच्या माळ्यांवर राहणारे पालिकेच्याच नोकरीतले लोक होते, आणि तळमजल्यावरील गोदाम पालिकेनेंच भाड्यानें दिलेलें होतें. त्या गोदामांत केलेल्या फेरफारांनीं इमारतीचा आधार दुबळा झाल्याचा आरोप पुढें आला. दुरुस्तीची गरज असलेल्या इमारतींत तिची गणना पूर्वींच झालेली होती. म्हणजे जमीनदार तोच, भाडें घेणारा तोच, दोष नोंदविणारा तोच, नोटीस देणारा तोच, आणि दुरुस्ती न करणाराहि तोच. खासगी मालकानें असें केलें असतें तर पालिकेनें त्यास न्यायालयांत खेंचलें असतें. पालिकेस तत्पूर्वीं कोणीं खेंचावें, याची तरतूद मात्र कोठेंच नव्हती.

जेथें मालक निराळा व तपासणारे दोन, तेथेंहि स्थिति बरी नाहीं. भेंडी बाजारांतील हुसैनी इमारत २०११ सालींच धोकादायक ठरली होती. कांहीं कुटुंबें हललीं, कांहीं राहिलीं; ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं ती पडली व ३३ जीव गेले. १६ जुलै २०१९ रोजीं डोंगरींत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून डझनाहून अधिक माणसें दगावलीं. तेव्हां तर ढिगारा उपसला जात असतांनाच हा भाग उपकरप्राप्त कीं अनधिकृत, जबाबदारी म्हाडाची कीं पालिकेची, याचा वाद सुरू झाला. दोन पहारेकरी असून चोरी झाली तर प्रत्येकजण दुसऱ्याच्या वेळेकडे बोट दाखवितो, तसाच हा प्रकार होय. पुढें म्हाडाच्या कायद्यांत ७९-अ हें कलम आलें. धोकादायक इमारतीच्या मालकास पुनर्विकासाचा प्रस्ताव आणण्यास सहा महिने, त्यानें न आणल्यास भाडेकरूंच्या संस्थेस सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडानें जागा घ्यावी, असा त्याचा आशय. या कलमाखालील शेंकडों नोटिसांचा वाद २०२५ सालीं उच्च न्यायालयांत गेला. इमारत धोकादायक ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या ठरविण्यास तपासणीचा आधार कोणता, हाच तेथेंहि कळीचा प्रश्न होता. खोट्या आश्वासनानें लोक मरतात. उलट पक्षीं पुरेशा परीक्षेवांचून दिलेल्या नोटिशीनें लोक घरास मुकतात. तपासणी विश्वासार्ह नसली म्हणजे ती दोन्ही बाजूंनीं घातक होते.

कोणी म्हणेल, दोष भाडेकरूंचाच आहे. नोटीस मिळूनहि ते घर सोडीत नाहींत. आम्हांस हा आक्षेप अर्धवट वाटतो. गिरगांवांतील किंवा लालबागेंतील कुटुंब मृत्यूच्या भयाहून एका गोष्टीस अधिक भितें, आणि ती म्हणजे संक्रमण शिबिर. आज हललों तर परत केव्हां येऊं? शेजारचें कुटुंब हललें त्याचा मुलगा शिबिरांत लहानाचा मोठा झाला, त्याचें लग्न झालें, त्यास मुलें झालीं, आणि मूळ जागेवर अद्याप गवतच उगवलें आहे, असें उदाहरण प्रत्येक चाळीस ठाऊक आहे. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें आहे. परंतु न्यायालयाचें वचन निराळें आणि घरांतील पेटींत ठेवण्याजोगा कागद निराळा. ज्या दिवशीं नोटिशीबरोबर प्रत्येक भाडेकरूच्या हातीं त्याच्या जागेचें मोजलेलें क्षेत्र, त्याचें नांव आणि परतीचा हक्क लिहिलेला सहीशिक्क्याचा कागद पडेल, त्या दिवशीं इमारती रिकाम्या करण्यास पोलीस आणावे लागणार नाहींत.

अन्य देशांनीं हा प्रश्न कसा हाताळला हें पाहणें येथें उपयोगाचें आहे. अमेरिकेंत १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याचें आठवें कलम १९७४ सालीं नव्यानें रचलें गेलें, आणि त्याखालीं गरीब कुटुंबाच्या घरभाड्याचा कांहीं भाग मध्यवर्ती सरकार स्थानिक गृहसंस्थांमार्फत थेट मालकास देऊं लागलें. तेथें पैसा व तपासणी हीं एकाच दोरीनें बांधलीं आहेत. घर तपासणींत उतरल्यावांचून मदत सुरू होत नाहीं. पुढें सामान्यतः निदान दोन वर्षांतून एकदां पुन्हां तपासणी होते. जीवास धोका असलेला दोष चोवीस तासांत आणि इतर दोष तीस दिवसांत काढावा लागतो. न काढल्यास मालकाचे पैसे बंद होतात. आमच्या विषयास याहूनहि महत्त्वाचे असे दोन नियम तेथें आहेत. पहिला असा कीं, तपासनिसांनीं तपासलेल्या घरांपैकीं कांहीं घरें दुसऱ्या अधिकाऱ्यानें पुन्हां तपासून पाहावयाचीं. दुसरा असा कीं, घर खुद्द स्थानिक गृहसंस्थेच्या मालकीचें असेल तर तिनें तें स्वतः तपासावयाचें नाहीं. बाहेरच्या स्वतंत्र संस्थेनें तपासावयाचें. ती पद्धति निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तपासणीच्या कटकटीस कंटाळून मालक योजनेंतून बाहेर पडतात, आणि मालकानें दुरुस्ती न केल्यास अखेर बिऱ्हाड उचलावें लागतें तें भाडेकरूसच. परंतु आपलें घर आपण तपासूं नये, हें साधें तत्त्व तेथें कायद्यांत लिहिलेलें आहे, आणि हेंच तत्त्व २०१३ सालीं माझगांवांत नव्हतें.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. इतके तज्ज्ञ कोठून आणावे, त्यांस पैसे कोणीं द्यावे, असें विचारलें जाईल. आमचें उत्तर असें कीं, सर्व इमारती दोनदां तपासा असें आम्ही म्हणतच नाहीं. दर वीस इमारतींतील एक चिठ्ठी टाकून निवडावी व ती दुसऱ्याकडून तपासून घ्यावी; कोणती चिठ्ठी निघेल हें ठाऊक नसलें म्हणजे उरलेल्या एकोणिसांची पहिली तपासणीहि आपोआप काळजीनें होते. वजनमापांचा निरीक्षक प्रत्येक तराजू रोज पाहत नाहीं. तो केव्हां येईल हें दुकानदारास माहीत नसतें, एवढ्यानेंच पुष्कळ काम होतें. दुसरा आक्षेप असा कीं, अहवाल उघड केले तर घबराट पसरेल. घबराट अज्ञानानें पसरते. रोग्यापासून रोग लपविणारा वैद्य आणि भाडेकरूपासून भेग लपविणारा अधिकारी हे दोघेहि दयाळूपणाच्या नांवाखालीं आपलीच सोय पाहतात.

तेव्हां आमच्या सूचना थोड्या व सोप्या आहेत. महानगरपालिकेच्या, सरकारच्या व म्हाडाच्या मालकीच्या प्रत्येक भाड्याच्या इमारतीची तपासणी त्या त्या संस्थेबाहेरील तज्ज्ञानें करावी, आणि त्याची नेमणूक व मेहनताना त्याच संस्थेच्या हातीं असूं नये. वर सांगितल्याप्रमाणें विसांतील एकीची फेरतपासणी व्हावी. तपासणीची तारीख, तपासणाराचें नांव, उघडून पाहिलेले भाग, आढळलेले दोष आणि ते काढण्याची मुदत हें सारें सोप्या मराठींत लिहून जिन्याच्या तोंडाशीं लावावें. तपासनीस प्रत्येक माळ्यावर गेला याबद्दल त्या माळ्यावरील एका भाडेकरूची सही घ्यावी. मुदत टळली तर त्या इमारतीचा विषय प्रभाग समितीपुढें आपोआप यावा व नगरसेवकानें त्याचें उत्तर मागावें. ७ मार्च २०२२ रोजीं मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हातीं होता, आणि अशीं उत्तरें मागणारा निवडलेला माणूसच सभागृहांत नव्हता. स्थानिक स्वराज्यांत लोकांचा प्रतिनिधि नसला म्हणजे उरतें तें केवळ खातें. आणि खातें स्वतःस प्रश्न विचारीत नाहीं.

अखेर दोन शब्द वाचकांसाठीं. भाडेकरूंस आम्ही सांगतों कीं, माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातीं आहे. आपल्या इमारतीची शेवटची तपासणी केव्हां झाली व तींत काय आढळलें, हें एका अर्जानें विचारतां येतें. चाळीच्या गणेशोत्सवाची वर्गणी जमविणाऱ्या मंडळींनीं वर्षांतून एकदां एवढा अर्ज अवश्य करावा. आणि तळमजल्यावरील आमच्या व्यापारी बंधूंस कळकळीचें सांगणें असें कीं, दुकान चार हात रुंद करण्यासाठीं जी भिंत आपण काढतां तिच्यावर चार माळ्यांचे संसार उभे असतात. पोटमाळा घालण्यापूर्वीं एकदां तज्ज्ञास विचारावें. त्याची फी एका दिवसाच्या गल्ल्याहून मोठी नसेल. सरकारनें आपला तपासनीस दुसऱ्याकडून तपासून घ्यावा असें म्हणण्याचा अधिकार ज्यास हवा आहे, त्यानें आपल्या भिंतीहि तपासणीस मोकळ्या ठेवल्या पाहिजेत. यादी छापण्याचें काम दर वैशाखांत होतच राहील. ती यादी खरी आहे असें ज्या वर्षीं निःशंकपणें म्हणतां येईल, त्या वर्षापासूनच या शहरांतील भाडेकरू पावसाच्या रात्रीं स्वस्थ निजेल.